नॉनस्टॉपच्या एकशे बारा सीडी आणि मशीन नात चेतनाला

मी, शालिकराम केशोराव टेंभुर्णे, वय चौऱ्याहत्तर, राहणार देवरी, जिल्हा गोंदिया, गुडघे सोडले तर धडधाकट आणि पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या हौसेने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. कविता बऱ्याच केल्या. त्या रद्द समजाव्यात.

कलम १. राहते घर, दीड एकर धानाची बांधी व पोस्टातली शिल्लक मुलगा लोकेश व सून शामकला यांना समान हक्काने. परसातला पेरू तोडू नये. तो माझ्या दिवंगत पत्नीने, अन्नपूर्णाने लावला आहे.

कलम २. बसस्टँडजवळची माझ्या साऊंड-सर्व्हिसच्या दुकानाची खोली, मिक्सर मशीन, दोन्ही स्पीकर आणि नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, गाण्याला गाणे जोडलेल्या एकशे बारा नॉनस्टॉप सीडी लोकेशची मुलगी चेतना, वय बावीस, हिला एकटीला. लोकेशला खोली मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायची आहे आणि सीडी भंगारात. त्याची हरकत इमानदारीने नोंदवतो: "पोरगी लग्नात मशीनवर उभी राहीन तं लोक का म्हनतीन, बाबा?"

लोक नाचतील. पोरगी लॅपटॉपवर स्वतःचे ठेके जुळवते. खोली गेली तर तिला मशीन लावायला जागा उरणार नाही, आणि हाती लागलेले काम सुटेल.

कलम ३. सीडींचे गुण. शाळेच्या पुस्तकात शेवटी कवितांची पाने असत. अख्खा कवी कधी भेटला नाही, दोन-दोन कडवी भेटली. ती मला जन्मभर पुरली. हे संग्रह तसेच. एका चकतीत बारा देशांचे पंधरा लोक, तेही देवरीत. शिवाय आपल्याकडे वरातीत गाणे संपले की भांडण सुरू होते. नॉनस्टॉपमध्ये गाणे संपतच नाही.

दोषही लिहितो, चेतनाने आंधळेपणाने प्रेम करू नये. पंधरातली दोनच गाणी खरी. भाग तीनमधले गाणे भाग पाचमध्ये नवा शर्ट घालून येते. करणाऱ्याचे नाव मुंगीच्या अक्षरात, कव्हरवर भलताच चष्मेवाला. आणि श्वास घ्यायला जागा नाही.

हा शेवटचा दोष मला भोवला. लोकेशच्या लग्नात, २००१ साली, बुद्धवंदना आटोपल्यावर मी भाग सात लावला. गाणे संपले की माईकवर वाचू म्हणून नवरानवरीसाठी कविता खिशात ठेवली होती. गाणे संपेना. सत्तर मिनिटे मी कागद धरून उभा. अन्नपूर्णा हसून म्हणाली, "आता पोराचं पोरगं होईन तवा वाचा." दुसऱ्या दिवशी तिने तो शर्ट धुतला, कवितेसकट.

म्हणून चेतनास एकच अट: प्रत्येक लग्नात एक गाणे पूर्ण वाजवावे, आणि ते संपू द्यावे. भांडण झाले तर झाले.

कलम ४. मित्र उदाराम, निवृत्त मास्तर. हा वीस वर्षे दुकानात येऊन विचारी, "शालिक, हे गानं आहे का गिरनी? गिरनीतून पीठ तरी निघते." भाग चार यानेच घरी नेला आणि परत केला नाही. तो त्याला माफ. मात्र लपूनछपून ऐकत होता, हे मला ठाऊक आहे, आणि ते त्याला कळावे.

कलम ५. हा मसुदा लोकेशने आज सकाळी वाचला. बराच वेळ कागद उलटसुलट केला.

"एकेक स्पीकर चाळीस किलोचा आहे, बाबा. पोरगी उचलन कशी?"

"काऊन, तुहे हात गेले का?"

त्याने कागद घडी करून परत दिला. मी विचारले, "मग कलम दोनमधली तुही हरकत खोडू?"

"राहू द्या," तो चप्पल घालत म्हणाला. "पन पहिल्या लग्नाले मशीन मीच उतरवीन."

साक्षीदारांना बोलवायला तोच गेला आहे. ते आल्यावर, त्यांच्यासमोर वाचून, सही करतो.

स्थळ: देवरी, जि. गोंदिया
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: शालिकराम के. टेंभुर्णे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. खुशाल मेश्राम, शेजारी (सही)
२. उदाराम शहारे, निवृत्त शिक्षक (सही. कलम चार मान्य नाही.)