खंडेनवमीला मांडलेले जोडे

जळगाव,
रविवार, ता. २७ मार्च १९३८

ती. अक्कास,

जीवरामचा नमस्कार. दसऱ्यापासून तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. क्षमा फक्त न लिहिल्याची आहे, बाकी कशाची नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना तुझा गैरसमज नको. मधे लिहायला बसलो होतो. पण हात रागाने इतका भरभर चालायचा की दुसऱ्या दिवशी ते अक्षर मलाच परक्याचं वाटायचं. ते कागद फाडले. आज राग जरा सावकाश चालतो आहे.

इकडे ठीक. वेणूच्या आईला आठवा लागला. पाय सुजतात, डॉक्टरांनी प्रवासाचं नाव काढू नका म्हणून बजावलं आहे. धाकटा पुना गोवरातून उठला. शाळेत परीक्षा चालू आहेत आणि गणिताचे पेपर नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. तुझ्या तोतारामने धुळ्यात दुकानाची जागा बदलली असं हिलालभाऊंकडून कळलं. एकाच आईच्या पोटच्या बहिणीची बातमी मला बाजारात कळते. असो.

वेणूबद्दल तू जे काही ऐकलंस ते लोकांकडून. मी कधी नीट सांगितलं नाही, तर आता ऐक.

दर शनिवारी दुपारच्या गाडीने मी भुसावळला जातो, ते मिसेस फॅरल नावाच्या बाईंच्या मुलाला गणित शिकवायला. नवरा मेलगाडीवर ड्रायव्हर आहे. दोन वर्षांपूर्वी एकदा वेणूला बरोबर नेलं, कारण घरी ती आणि पुना एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. मी आतल्या खोलीत अपूर्णांक सोडवत होतो आणि पुढच्या खोलीत बाई रेल्वे कॉलनीतल्या मुलींना बॅले शिकवत होत्या. हा तिकडचा विलायती नाच. त्यात गाणं नाही, हावभाव नाहीत. निदान पहिलं वर्षभर तरी खुर्चीची पाठ धरायची, गुडघे वाकवायचे, सरळ करायचे, पुन्हा वाकवायचे. तालमीत पोरं बैठका काढतात तसं. आमची वेणू चपला काढून दाराआड तेच करत होती. बाईंनी पाहिलं. मला म्हणाल्या, "मास्टरजी, आप मेरे लड़के को देखो, मैं आपकी लड़की को देखती हूँ." झाला सौदा. यात कोणी कोणाला फसवलं नाही, नासवलं नाही.

तेव्हापासून गावाला माझं एवढंच काम उरलं आहे. परवा स्टेशनवर भिकन पाटील भेटले. गाडी यायची होती, फलाटावर दहा माणसं ऐकत होती. म्हणाले, "काय मास्तर, पोर अंगठ्यावर उभी ऱ्हाते म्हणे? मंग तिच्या वाट्याचा शेतसारा अर्धाच भरा, जागा कमी लागते!" सगळे हसले. खरं सांगतो, विनोद चांगला होता, मलाही हसू आलं आणि ते आलं याचाच मला संताप आला. याच भिकनरावांच्या घरी लग्नात रात्रभर बाई नाचली होती आणि त्यांनी आम्हा शिक्षकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. दुसऱ्याची पोर नाचली तर करमणूक, आपली नाचली तर कुळाला डाग. हा कुठला हिशेब? गणित शिकवणाऱ्याला तरी कोणी समजावून द्यावा.

पण भिकन पाटील माझे कोण? तू माझी बहीण आहेस. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. म्हणून तुझ्यावर राग जास्त.

खंडेनवमीच्या सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे. पण मला कसं दिसलं ते माहीत नाही. पाटावर मी माझा दौत-टाक आणि भूमितीचं पुस्तक मांडलं. वेणूच्या आईने विळी आणि कात्री. पुनाने भोवरा आणला, तोही ठेवला. वेणू म्हणाली, "नाना, मी काय ठेवू?" मी म्हणालो, "तुझी विद्या ज्यावर चालते ते ठेव." ती आत गेली आणि नाचाचे ते गुलाबी जोडे घेऊन आली. मिसेस फॅरलनी मुंबईहून मागवून दिलेले, महिना झाला नव्हता. तिने ते कोरड्या फडक्याने पुसले, पाटावर ठेवले, झेंडूची दोन फुलं वाहिली. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तू परसातून आलीस आणि दारातच थांबलीस.

"देवना म्होरे जोडा! तुनं डोकं फिरनं का रे भाऊ?"

मी म्हणालो, "अक्का, ते तिचं हत्यार आहे."

"पायमा घालतस ते हत्यार?"

आणि मी पुढे काही बोलायच्या आत तू चिमट्याने ते जोडे उचललेस आणि परसातल्या बंबात घातलेस. बंब पेटलेला होता, धाकट्यांच्या आंघोळी राहिल्या होत्या. साटीन जळल्याचा वास घरभर झाला. त्याच पाण्याने पुनाने आंघोळ केली. वेणू रडली नाही. मला वाटत होतं तिने रडावं.

तेव्हापासून मी मनात तुझ्याशी भांडतो आहे. त्याच दिवशी भुसावळच्या शेडमधे इंजिनाला हार घालतात, त्यावर ड्रायव्हर बूट घालून चढतात की नाही? मृदंगाला कातडं असतं की नाही? त्याला तू हळदकुंकू लावतेस. मग तू म्हणशील, मृदंग कोणी पायात घालत नाही. बरोबर आहे. पण एक विचारतो. तुला विटाळ वाटला तर पाटावरून उचलून बाहेर ठेवायचे होते. कोनाड्यात फेकायचे होते. जाळलेस कशाला? जाळताना तुला जोडे दिसत होते की माझी मुलगी?

आणि तू दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेलीस.

वेणूची नाचाची परीक्षा जानेवारीत होती, मुंबईला. लंडनहून परीक्षक बाई आल्या होत्या. तिच्या मापाचे नवे जोडे आता विलायतेहून यायचे होते, ते वेळेत मिळण्यासारखे नव्हते. मिसेस फॅरलनी पुतणीचे जुने शोधून काढले, ते वेणूला मोठे होत होते. आम्ही बोटांशी कापूस भरला, आपल्याच शिवारातला, तुझ्या भावकीच्या शेतातला. मला आत येऊ दिलं नाही. बाहेर बाकावर बसून पियानो ऐकत होतो आणि विचार करत होतो की हे मी वेणूसाठी करतोय की भिकन पाटलाच्या नाकावर टिच्चून दाखवायला? थोडं दोन्ही असावं. वेणू बाहेर आली ती घामाने निथळत. म्हणाली, "एकदा पाय सुटला, नाना. पण मी थांबले नाही." पास झाली. नुसती पास नाही, तिच्या नावापुढे बाईंनी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या की ही मुलगी पुढे शिकवावी.

पुढे शिकवायची म्हणजे मे महिन्यात पाचगणीला. तिथे उन्हाळ्याचा बॅलेचा वर्ग भरतो, मुंबई-पुण्याच्या मुली येतात, रोज सकाळ-संध्याकाळ शिकवतात. मिसेस फॅरलनी वेणूचं नाव घातलं. वर्गवाल्यांनी घेतलं, आनंदाने घेतलं. मुली ज्या बोर्डिंगात उतरतात तिथल्या बाईंनी मात्र उलट टपालाने कळवलं की मुलगी वर्गाला येऊ शकते, पण बोर्डिंग युरोपियन मुलींसाठी आहे, एका टेबलावर जेवणं इतर पालकांना रुचणार नाही. तिची राहण्याची व्यवस्था नातलगांनी बाजारात कुठेतरी करावी. वर लिहिलं आहे की हवा फार छान असते.

अक्का, मी तो कागद दोनदा वाचला आणि माझे कान तापले. इथे माझी पोर नाचते म्हणून तिच्या पंगतीला कोणी बसू नये, आणि तिथे ती नाचते तरी तिच्या पंगतीला कोणी बसू नये! मिसेस फॅरल माझ्याहून जास्त चिडल्या होत्या. कपबशी आपटली त्यांनी. मग दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्टरजी, मेरी नानी इगतपुरी की थी. साड़ी पहनती थी. वहाँ साहब लोगों में मैं यह बोलती नहीं." मला त्या बाईची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःची लाजही वाटली.

मी तेव्हाच ठरवलं की नाही पाठवायचं. कोणाच्या पायरीशी उभं राहून विद्या मागायची नाही. घरी येऊन तसं सांगितलं, जरा मोठ्यानेच. वेणूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाना, वर्ग बोर्डिंगात असतो का?"

"नाही. वेगळ्या बंगल्यात."

"मग बोर्डिंगबाईंवरच्या रागाचा दंड मी का भरायचा?"

बारा वर्षांची पोर. वेणूच्या आईने तोंडाला पदर लावला, हसू लपवायला. म्हणजे आता माझा राग घरातल्या दोघींनाही नको आहे. बरं.

तर खोली बघायची. मिसेस फॅरल कॉलनीतल्या मुलींना पोचवून लगेच परत येणार, नवऱ्याला रजा नाही. वेणूची आई हलू शकत नाही. मला दहा मेपर्यंत पेपर. मुलीजवळ घरची बाई हवी. मी म्हटलं, साक्रीच्या मावशीला विचारू. वेणू म्हणाली, "नको. आत्या."

"कुठली आत्या?"

"आपल्याला किती आहेत?"

"अगं, तिने तुझे जोडे जाळले."

"यावेळी उशाखाली घेऊन झोपेन. पण पाय तीच बघते."

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्या दिवशी दुपारी, मी रागाने बाहेर निघून गेल्यावर, तू तिला परसातल्या दगडावर बसवलंस. पाय धुतलेस. बोटांची सालं निघालेली, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तू म्हणालीस, "तुना बाप आंधळा शे का?" तूप-हळद लावलीस, तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बोटं वेगवेगळी बांधलीस. तिला लंगडताना पाहून तुला आधीच वाटलं होतं की त्या जोड्यांनीच पोरीचे पाय खाल्ले. हे तू मला का सांगितलं नाहीस? मी दोन वर्षं तिला गाडीत नेतो, आणतो, परीक्षा, पत्रव्यवहार, सगळं पाहतो. मी तिचे पाय कधी पाहिले नव्हते. काल पाहिले. तुझं बांधणं ती अजून तसंच बांधते.

वर मी लिहिलं की तू न सांगता निघून गेलीस. ते खरं नाही. रोजनिशीतही मी तसंच लिहिलं आहे आणि आज ते खोडलं. संध्याकाळी परत आल्यावर मी तुला म्हणालो होतो, "माझ्या घरात हे चालायचं नाही, सकाळच्या गाडीने जा." पुना आणि वेणू दोघं ऐकत होते. तू पिशवी भरलीस. मी स्टेशनवर पोचवायलाही आलो नाही.

आता लिहायचं ते लिहितो. तू वेणूबरोबर पाचगणीला जाशील का?

जोडे जाळलेस ते चूकच होतं, यावरून मी हटत नाही. तू हटावंस अशीही अट नाही. आपण दोघं एका आईची मुलं, दोघांनाही ते जमायचं नाही. पण तिथे जोड्यांना हात लावायचा नाही, एवढं वचन दे. पायांचं तू बघ, तुला जे करायचं ते कर. नाच बघायला जा असं म्हणणार नाही. दाराबाहेर बसलीस तरी चालेल. आणि त्या बोर्डिंगवाल्या बाई रस्त्यात भेटल्या तर तू तुझ्या भाषेत जे बोलायचं ते बोल, त्यांना कळणार नाही आणि मला बरं वाटेल.

दिवस मागाहून कळवतो, तू धुळ्याहून चाळीसगावला ये. मी दोन दिवसांची रजा काढून वेणूला घेऊन तिथे गाडीतच असेन, पाचगणीसाठी उतरायच्या वाठार स्टेशनपर्यंत पोचवून परत फिरेन. येणार नसलीस तर तसं कळव, म्हणजे मी पुन्हा भांडेन.

मुलांचा तुला नमस्कार. वेणूने स्वतः दोन ओळी लिहायच्या म्हणून कागद मागितला, मी दिला नाही. पत्र माझं आहे.

तुझ्यावर अजून रागावलेला,
तुझाच
जीवराम

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्याचं काम: पाचगणीच्या घरमालकाला तार करणे, खोलीला चूल स्वतंत्र हवी, एक मोठं माणूस सोवळ्यात स्वयंपाक करील.