पॉइंट टू-टू रायफल आणि इतर मालमत्तेविषयी

मी, सौ. नीलांबरी शिरीष पोंक्षे, वय एकसष्ट, राहणार न्यूनेन, नेदरलँड्स, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. माझी अक्कल शाबूत आहे की नाही यावर घरात दुमत आहे, पण डॉक्टरांची हरकत नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. कायद्याला लागणारे मृत्युपत्र नोटारिसबाईंनी, म्हणजे इथल्या नोटरीने, डचमध्ये केले आहे. त्यात शेरे मारायला जागा नव्हती, म्हणून हे मराठीत.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक पती शिरीष यांना, त्यांच्यामागे मुलगी चारुता हिला. शिरीष शाकाहारी आहेत. मी ससा शिजवायला घेतला की ते सायकल काढून गावात चक्कर मारायला जात, पावसातसुद्धा. घर त्यांनाच मिळायला हवे.

२. रायफल. ही माझ्याकडे आली कशी, हे सांगणे भाग आहे.

आमच्या मागे शेजारी विम याचे कोबीचे शेत आहे. सशांनी त्याला हैराण केले होते आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या मला उद्योग नव्हता. विम मला शेतावर नेऊ लागला. शिकारीची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले. तीत बदके ओळखावी लागतात. मला सगळीच ओळखीची वाटतात, नावे आठवत नाहीत.

मग रायफल घ्यायची ठरली. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते, अशी. विमचे म्हणणे असे की साधी घे, थंडीत ओल्या हातांनी साफ करता येईल अशी. आणि ज्या गोळ्या वापरणार, त्याच आधी तिच्यातून भरपूर झाडून बघ. दीर सुबोध, मुक्काम नायमेखन, यांनी दिवाळीतली टिकल्यांची बंदूकही कधी उडवलेली नाही, तरी फोनवर मला नेमकेपणावर व्याख्यान दिले. मी दोघांचेही ऐकले नाही. साडी घेताना काठ बघते तसा तिचा अक्रोडाचा दस्ता बघितला आणि घेतली. दुकानदार म्हणाला होता की ही गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ आहे. मला ते खानदानीपणाचे लक्षण वाटले. घरी आणून तिला शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने पाजले.

जानेवारीत चारुता मास्ट्रिख्टहून आली होती. सकाळी माझ्याबरोबर शेतावर आली. माझी पहिली गोळी सशाच्या मागच्या पायाला लागली. दुसरी अडकली. मी खटपट करत राहिले आणि ससा ओरडत, फरफटत कुंपणात शिरला. शेवटी विमने त्याला मारून यातनांतून सोडवले. परतताना चारुता डचमध्ये, कारण तिला मराठी समजते पण ती बोलत नाही, एवढेच म्हणाली, "तुला नीट येत नाही, तर करतेस कशाला?"

त्यानंतर तिचे फोन फक्त बाबांना येऊ लागले.

ती रायफल मी विकली. विमच्या साध्या रायफलसारखी दुसरी शोधायला पूर्ण उन्हाळा गेला. नेमबाजीच्या मैदानावर एकेक घेऊन, वेगवेगळ्या गोळ्या घालून, मी झाडत बसे. विमने विचारले की तू हिच्याशी लग्न करणार आहेस का. शेवटी निवडली ती दिसायला छत्रीसारखी आहे, काळी आणि प्लॅस्टिकची. अजून एकदाही अडकलेली नाही. तेल दोन थेंब, तेही विमच्या देखरेखीखाली. तरी खूप दिवस मी शेतावर फक्त उभी राहून परत येत असे.

शस्त्रक्रिया ठरली तेव्हा, गेल्या महिन्यात, चारुता आली. आपणहून म्हणाली की शेतावर येते. बांधापर्यंत जाताना मी दोनदा थांबले. त्याचे खापर मी झडपेवर फोडले. सशाला एकच गोळी पुरली. चारुता माझ्याआधी पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या अंगावर हात ठेवला.

"लगेच गेला?" तिने विचारले.

"हो."

घरापर्यंत ससा तिनेच आणला. खाल्ला नाही. पण मी जेवत होते तोवर शेजारी बसून राहिली. शिरीष त्या दिवशी सायकलवर गेले नाहीत.

तर, परवान्याशिवाय ही रायफल घरात ठेवता येत नाही. शिरीष यांनी तिला हात लावू नये, विमला बोलवावे. त्याला हवी तर कागदपत्रे करून त्याने ठेवावी. विकली, तर घेणाऱ्याने आधी आपल्या गोळ्या तिच्यातून झाडून बघाव्यात. दिसायला बरी नाही म्हणणाऱ्याला ती देऊ नये.

३. सुबोध यांना शिवणयंत्राच्या तेलाची उरलेली बाटली. व्याख्यानासह.

याव्यतिरिक्त माझे जे काही निघेल, ते चारुताने बघावे आणि टाकून द्यावे. माझी हरकत नाही. असलीच तर ऐकू येणार नाही.

सही: नीलांबरी शि. पोंक्षे
न्यूनेन, ११ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार १: विम (मराठीचे एक अक्षर वाचता येत नसताना सही केली, म्हणजे विश्वास आहे किंवा कॉफी थंड होत होती.)

साक्षीदार २: चारूता
(वारसाने साक्षीदार होऊ नये हे मला ठाऊक आहे. तिने पेन मागून घेतले आणि शाळेनंतर पहिल्यांदा देवनागरीत नाव लिहिले. रु ऱ्हस्व आहे. तिने दीर्घ काढला. कोणीही दुरुस्त करू नये.)