रेडिएटरपुढची प्लेट

सोम., ४ नोव्हें.
कोलशेतच्या आमच्या वर्कशॉपमधून गाडी ट्रकवर घालून फायरिंग रेंजवर नेली. पोलिसांची चिलखती गाडी. इंजिन चालू ठेवून त्यावर गोळ्या. झाडणारे माने, निवृत्त सुभेदार. इंजिनच्या लोखंडी ब्लॉकवर नुसते ओरखडे. आमचे साहेब खूश. मग एक गोळी खालच्या जाळीतून रेडिएटरमध्ये. हिरवं पाणी मातीत. तरी इंजिन चालूच, म्हणून टाळ्या. चहा संपायच्या आत वाफ, खडखडाट, जाम.
माने म्हणाले, "मेलं."
सिद्धू अशीच गाडी चालवतो, गडचिरोलीत. माझा धाकटा भाऊ, पोलिसात.

मंगळ., ५
साहेबांना म्हटलं, रेडिएटरपुढे पोलादी प्लेट हवीच. "हवा कुठून जाणार?" म्हटलं, तिरक्या पट्ट्या लावू, जाईल.
"मॅडम, आधीच्या गाड्या तशाच गेल्यात. आता लावली तर विचारतील, तेव्हा का नाही लावली?"
म्हणजे हवेचा प्रश्नच नव्हता.

शनि., ९
सिद्धू सुट्टीवर आलाय. मी मोहने गावी आईकडे गेलेले. बारीक झालाय. आई शेजारी गेली तेव्हा विचारलं, गाडी कशी आहे रे? "झकास. आत एसी आहे, ताई."
मग रेडिएटरचं सांगून टाकलं. तो भाकरी मोडत राहिला.
"म्हणजे मध्येच बंद पडली तर आत बसून राहायचं?"
हो.
"माझ्या मागे गाडीत जवानांची अख्खी पार्टी असते गं."
म्हटलं, आजारी पड. बदली माग. काहीतरी कर.
"मग दुसरा कोणीतरी चालवेल ना ती. आईला नको सांगू."

रवि., १७
सिद्धू ड्यूटीवर परत गेला. निघताना बाबासाहेबांच्या फोटोपुढे बराच वेळ उभा. आई म्हणाली, "उशीर होईल रे." माझ्याकडे बघितलंच नाही त्याने.

सोम., १८
बुधवारी तपासणीचे अधिकारी येणार. साहेब स्वतः म्हणाले, प्लेट लावा. मला इतका आनंद झाला, चक्क थँक्यू म्हटलं. मग कळलं, फक्त टेस्टच्या गाडीला. आतून, काळा रंग मारून, दिसणार नाही अशी. पोलिसांना पुरवठा तसाच, प्लेटशिवाय होणार.
"तुमचीच आयडिया आहे, मॅडम."

मंगळ., १९
लावली. मीच. छान बसली, हवाही जातेय. एवढं नीट काम कधी झालं नव्हतं माझ्या हातून. डबा तसाच घरी आणला.

बुध., २०
रेंजवर. अधिकारी साहेबांबरोबर तंबूत जेवतायत. मी कंपनीच्या जीपमध्ये.
सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन प्लेट काढली, इंजिन अधिकाऱ्यांसमोरच जाम व्हावं म्हणून. एक बोल्ट सुटेना. मागे माने कधीचे उभे होते कोण जाणे. पाना घेतला, सोडवून दिला.
"नोकरी जाईल, पोरी."
माहितीय.
"आणि मला ते सांगतील तिथेच मारावं लागतं. ब्लॉकवर म्हणाले तर ब्लॉकवर. जाळीवर कोण सांगणार?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ब्लॉकवर मारलं तर गाडी अशीच पास. प्लेटशिवाय. माझ्या हाताने.
सिद्धूला फोन लावला. लागत नाही, तिकडे रेंज नसते.
जेवणं झाली. अधिकाऱ्यांतल्या एक बाई गाडीपुढे वाकून जाळीत काहीतरी बघतायत. साहेब हसत त्यांना ब्लॉक दाखवतायत. माने बंदूक घेऊन उभे, माझ्याकडे बघतायत.
उतरते. जाळीवर मारायला मीच सांगते.