लाल फडक्यातली पोथी

टेंभुर्णी,
अधिक महिन्याचा एकोणिसावा का विसावा दिवस
(दुकानातल्या कॅलेंडरवर चहा सांडला, तिथी दिसून न्हाई राह्यली)

ती. आसरामामींना,

जावई बिरूचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. अधिक महिन्यात जावयाचे पाय सासूनं धुवायचे असतात, जावयानं सासूच्या पाया पडायचं नसतं, हे मला कळतं. पण माझ्या पायांची ती लायकी राह्यली न्हाई, म्हणून यंदा उलटं धरून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? काळी शेळी व्याली का? मामांची झोप बराबर होते ना? (हा टोमणा न्हाई मामी, खरंच विचारून राह्यलो.) फोन केला की तुम्ही तो मामांच्या हातात देता, मामा 'मंग?' म्हणतात, आणि त्यांच्या 'मंग?'ला काय उत्तर द्यायचं हे मला अकरा वर्षांत सापडलं न्हाई. म्हणून पत्र. तुम्हाला अक्षरओळख न्हाई, म्हणजे हेही तुमची धाकटी प्रांजलीच वाचून दाखवणार, आणि तेव्हा ओसरीवर कोण कोण असेल हे मला इथून दिसतंय. (प्रांजली, दाजीची शपथ आहे तुला, या खेपेला चाल लावून वाचू नको.)

तर आधी ती लाल फडक्यातली वही कुठून आली ते सांगतो. उन्हाळ्यात बी-बियाण्याच्या दुकानात माणूस फिरकत न्हाई. मालक पंख्याखाली झोपतो, मी गल्ल्याशी माशा मारतो. चार वर्षांमागं असाच बसल्या बसल्या एक देश काढला, त्याला अडनाळ नाव दिलं. तिथं दर वर्षाला तेरा महिने. नदी सकाळी खाली वाहते आणि दुपारी दमून परत वर जाते. मंग तिथली माणसं आली, जनावरं आली, ती काय खातात, अंघोळीला पाणी कुठून आणतात, रुसली तर कुठं जाऊन बसतात, सगळं लिहून काढलं, एकशे ऐंशी पानं भरली. आता बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, भर दुकानात सहा पायांच्या म्हशीचा हिशोब मांडून राह्यला हे तुमच्या लेकीला, साधनाला, सांगायची मला शरम वाटली. म्हणून मी ती वही लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवली. पोथीला कोणी उगाच हात लावत न्हाई, हा माझा हिशोब. पहिल्या पानावर सवयीनं 'श्री' लिहिलेलं होतंच.

हिशोब बराबर होता, पण तुम्ही फोनवर साधनाला सांगितलं की धोंड्याच्या जेवणाला येताना अधिक महिन्याची पोथी घेऊन ये, आमची उंदरानं खाल्ली. तिनं भक्तिभावानं फळीवरचं लाल गाठोडं उचललं, नमस्कार केला आणि पिशवीत ठेवलं. त्या पिशवीवर हात ठेवून मी टेंभुर्णी ते जालना, जालना ते कुंभार पिंपळगाव एसटीत बसून आल्तो मामी. एवढा मोठा बैल पृथ्वीवर दुसरा न्हाई.

एसटी दोन तास उशिरा पोचली. पोथीला बोलावलेल्या बाया येऊन बसल्या होत्या, मामांना भूक लागली होती, म्हणून तुम्हीच म्हणालात की एकीकडं जावई जेवेल, एकीकडं पोथी चालेल, दोन्ही पुण्य एकदमच. पाट, रांगोळी, ओवाळणं, नवा टॉवेल खांद्यावर, समोर पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुमच्या हातची तुपाची धार. पहिला धोंडा मी अख्खा तोंडात घातला आणि तिकडं प्रांजलीनं फडकं सोडून, हळदी-कुंकू वाहून, चाल लावून सुरू केलं, 'अडनाऽळ देशीऽ महिनेऽ तेराऽऽ'. माझा घास तिथंच अडकला. ओरडावं तर तोंडात धोंडा, उठावं तर भरल्या ताटावरून जावई उठत न्हाई. मला वाटलं, आता कोणीतरी थांबवंल. पण शेजारच्या तुळजाबाई हात जोडून म्हणाल्या, बराबर आहे, अधिक महिन्याचंच चालू आहे. मंग काय, सगळ्यांनी डोळे मिटले.

गुरमाड नावाची सहा पायांची म्हैस, जिच्या आईची तारीफ केल्याशिवाय ती पान्हा सोडत न्हाई, ती बायांनी मान डोलवून ऐकली. हुंबर लोक, जे निघतो म्हणून उंबऱ्यात उभे राहतात आणि तीन दिवस बोलत राहतात, इतके की उंबऱ्यातच त्यांची चूल मांडावी लागते, त्यांनाही कोणीतरी नमस्कार केला. (हे कुठल्या घरावरून घेतलं ते आता विचारू नका.) घुमरी पाखराशी मात्र गाडी अडली. हे पाखरू डाव्या हाताच्या घरात राहतं, वाटीभर साखर मागायला येतं आणि घरातली बातमी नेतं, नेलेल्या बातमीला दर फाट्यावर एक नवं पीस फुटतं. बाया डोळे उघडून तुळजाबाईंकडं पाहून राह्यल्या. तुळजाबाईंच्या हातात वाटी होती.

पुढचं पान ढब्बरचं. ढब्बर बाजेवर पडून असतो. जग त्याच्या पाठीवर टेकलंय असं सगळ्यांना वाटतं म्हणून त्याला कोणी उठवत न्हाई, आणि तीन-तीन तासांनी तो एकच शब्द बोलतो. प्रांजलीनं इथं पान उलटायला श्वास घेतला आणि बाजेवरून मामा म्हणाले, 'मंग?' असं हसू झालं मामी, की देव्हाऱ्यातला दिवा विझला. तुम्हीही हसलात. मी पाह्यलं, पदर तोंडाला लावून हसलात. तिथंच ती वही मिटली असती तर काय बिघडत होतं!

पण प्रांजली पुढं वाचत गेली. वाढाळी. वाढाळीला आठ हात असतात, आठही हातांत पळ्या. तिला कान नसतात, म्हणून 'पुरे' ऐकू येत न्हाई. तिला तोंडही नसतं, कारण तिला जेवताना आजवर कोणी पाह्यलं न्हाई. बाया पुन्हा हसल्या, ढब्बरपेक्षा जास्ती. तुम्ही तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि आत गेलात. मी उष्ट्या हातानं भरल्या ताटावरून उठलो, माझ्या खानदानात असं कोणी केलं नसेल, आणि मागं आलो. माफी मागायची म्हणून आल्तो, खरंच. तर चुलीपाशी धोंड्याचं पातेलं रिकामं. आणि तुमच्या मांडीवर सकाळची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मला पाहून तुम्ही तिच्यावर पदर ओढला. म्हणालात, जावयानं आत येऊ न्हाई. त्यानंतर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईत.

साधनानं तिथंच सांगितलं, आई तुमच्याशी बोलंल त्या दिवशी मी टेंभुर्णीला येते. लेकरंही तिच्यापाशीच राह्यली. मी संध्याकाळच्या गाडीनं एकटा आलो, खांद्यावर नवा टॉवेल तसाच.

आता शरम कशाची वाटते ते सांगतो. पहिले तीन दिवस वाटली ती पकडलो गेलो म्हणून. पिंपळगावात आता काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. चौथ्या दिवशी दुकानात डबा उघडला (शेजारच्या हॉटेलातली भाजी, तिच्याबद्दल न बोललेलं बरं) आणि एकदम ध्यानात आलं. अकरा वर्षं मी तुमच्या घरी जेवून राह्यलो. दिवाळी, लग्नं, बारशी. तुम्ही जेवता कधी, काय जेवता, उरतं का, हे मी एकदाही विचारलं न्हाई. पण मला दिसत होतं मामी. दिसलं नसतं तर लिहिलं कसं असतं? मी पाह्यलं, चांगल्या अक्षरात लिहून काढलं, खाली रेघ मारली आणि स्वतःशीच हसलो. याला काय म्हणावं मला कळत न्हाई. वाईट वाटून राह्यलंय, बस्स. माफ करा म्हणायलाही जीभ रेटत न्हाई, तरी म्हणतो.

मामांना नमस्कार. लेकरांना उन्हात जाऊ देऊ नका. साधनाला काही सांगू नका, ती पडद्यामागून ऐकूनच राह्यली असंल.

तुमचा (ठेवला तर) जावई
बिरू

ता. क. तुळजाबाईंना माझी माफी कळवायची गरज न्हाई. पत्र पेटीत पडायच्या आधीच त्यांना कळली असंल.

ता. क. वही तुमच्याच देव्हाऱ्यात आहे असं कळलं. हळदी-कुंकू वाह्यलेलं जाळावं कसं, म्हणून कोणी हात लावत न्हाई म्हणे. राहू द्या. फक्त प्रांजली, वाढाळीच्या पानावर ती तोंडाची ओळ खोड आणि तिथं लिही की तोंड असतं.

ता. क. येत्या मंगळवारी पहिल्या गाडीनं येऊन राह्यलो. या खेपेला पाटावर तुम्ही बसायचं, वाढणार मी. जावयानं आत येऊ न्हाई हे मला पाठ आहे, म्हणून मामांना सांगा चूल अंगणात मांडून द्या. धोंडे करून पाह्यले काल घरी. पुरण पातळ झालं, पीठ फाटलं, मालकाच्या कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. तेव्हा धोंड्यांचा हट्ट मी सोडला.

ता. क. म्हणून हे सगळं पत्र ज्याच्यासाठी लिहिलं ते आता विचारतो. तुम्हाला काय आवडतं खायला? साधनाला फोन करून विचारलं. ती म्हणाली मला माहीत न्हाई, आणि फोन ठेवला. मामांना विचारलं, ते 'मंग?' सुद्धा म्हणाले न्हाईत. प्रांजली, तुला तरी ठाऊक आहे का? नसंल तर वाचन इथंच थांबव, आईकडं पाहा आणि विचार. त्या म्हणतील मला काहीही चालतं. ते लिहून पाठवू नको. पुन्हा विचार.