नव्या मक्याच्या सणाआधी

ओकोनी नदीकाठचा किल्ला

प्रिय टॅबी,

बाबा बरे आहेत. बंदुकांचे चाप आता मीच दुरुस्त करते. चापातल्या कमानीच्या पोलादाला तापवून पाणी मी देते, बंदुकीवर शिक्का मात्र बाबांचाच उमटतो. काम चांगलं झालं की म्हणतात, "टॅबी असती तर याहून झकास केलं असतं." तू भट्टीजवळ कधी फिरकलीही नाहीस, हे मी त्यांना सांगत नाही.

क्रीक जमातीच्या लोकांनी तुला नेलं त्या दिवशी मीही त्याच शेतात होते. मी पळाले, तू सापडलीस. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक प्रार्थनेत नाव तुझंच. हे पत्र आणणारी, व्यापाऱ्याची क्रीक बायको सांगत होती, तुला त्यांनी कुळात घेतलंय, तुला एक मुलगीही झालीय. "आमच्यात घर बाईचं, शेत बाईचं. भांडण झालं तर बोचकं उचलून नवऱ्यानं जायचं!" असं म्हणून ती खदखदून हसली. मला हसू आलं नाही. माझी हत्यारांची पेटीसुद्धा बाबांची आहे. पुढे ती रॅन्सम प्रुइटची होईल. हो, आमचं ठरलंय. आधी त्याने तुला मागणी घातली होती, ते मी विसरलेली नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या तरुणांनी एक मळा जाळला, बापलेकांना मारलं. तो मळा नदीपलीकडे, तुमच्या जमिनीवर होता, हे इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. कप्तानाने माणसं जमवली आणि "टॅबीला सोडवून आणायचं" म्हणाला. सगळ्यांच्या आधी रॅन्सम उठला. मी विचारलं, "तिला यायचंच नसेल तर?" तो म्हणाला, "तुला बरंच वाटेल की गं!" सगळे हसले. मीही हसले.

म्हणून लिहितेय. कप्तानाची माणसं नव्या मक्याच्या सणाला येणार आहेत, तुमचे पुरुष उपाशीपोटी, शस्त्रं बाजूला ठेवून चौकात बसतात तेव्हा. बंदुकांच्या धुरात तुला कोणी ओळखणार नाही, तुझ्या मुलीला तर नाहीच. बंदुकांत मी खोट ठेवलेली नाही. उद्या तुमची माणसं आमच्यावर आली, तर या भिंतीवरून त्याच चालवायच्या आहेत. त्यामुळे माझ्या हातात एवढंच उरतं. सणाआधी गाव हलवा. रॅन्समला तिथे रिकामी घरं सापडू देत. त्याने तुला पुन्हा पाहावं, हे मला नको आहे. तुझं बरंवाईट व्हावं, हेही नको. यातलं जास्त काय नको, ते विचारू नकोस.

तुझीच बहीण,
केझाया