पाहुण्याला ओवाळलं

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

गणपती बसले, आणि त्यांच्या पाठोपाठ घरात राजकारणही येऊन बसलं!

दुपारच्या आरतीला संजय एका गोऱ्या माणसाला घेऊन दारात हजर. वेस प्रुइट. आमच्या मॉरिसव्हिलमधून राज्याच्या विधानसभेला उभा आहे, रिपब्लिकन. संजय मंडळाचा अध्यक्ष, त्याला सगळेच ओळखीचे लागतात. "काकू, जस्ट पाच मिनिटं. दर्शन घेऊन जातील." दारात आलेल्या माणसाला काय, परत पाठवायचं? वेसनं बूट बाहेर काढले, मांडी घालून बसला (गुडघे कुरकुरले असणार), भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या. मी कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर मोदक ठेवला. संजय फोटो काढत होता. तो कुठे नसतो काढत!

सांगलीला आई दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला ओवाळायची. सकाळी एका पक्षाचा, संध्याकाळी त्याच्या विरोधातला, तबक तेच. मत कुणाला दिलं हे माझ्या वडिलांना, नानांनासुद्धा कधी कळलं नाही.

श्रीरंग खूश. गेली चार-पाच वर्षं तो तिकडे सरकतोय. २००८ साली आम्ही नागरिक म्हणून पहिलं मत दिलं ते डेमोक्रॅट पक्षाला, आणि निकाल ऐकून हाच नवरा सोफ्यावर बसून रडला होता. आता त्याच पक्षाचं कुणी टीव्हीवर दिसलं की आवाज बंद करतो. "मी नाही बदललो, पक्ष बदलला," म्हणतो. माझी लेक केया बरोबर उलटी. म्हणजे दोघांच्या मध्ये मी. दोघंही मला आपली समजतात, आणि मी दोघांनाही पोळ्या वाढते.

८ सप्टेंबर

विसर्जन. मागच्या अंगणात, बादलीत. दरवर्षी डोळे भरून येतात, बादली असली तरी.

२९ सप्टेंबर, रविवार

केयानं तिच्या बाईंच्या सभेला नेलं. बाई म्हणजे वेसच्या विरुद्धच्या उमेदवार. केया डरहॅमला बायकांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी या बाईंसाठी घरोघर दारं ठोठावत फिरते. पायाला फोड आलेत पोरीच्या. "आई, दॅट मॅन जिंकला तर अबॉर्शनचे कायदे अजून कडक होतील. माझ्या पेशंट्सचं काय?" ते सगळं मला पटतं. रात्री झोपताना पुन्हा आठवतं, तेव्हाही पटतं.

बाईंनी माझा हात हातात घेतला. मी विचारणार होते, घरांची भाडी अशी वाढत राहिली तर या तरुण मुलांनी राहायचं कुठे? वाक्य निम्म्यावर होतं, तोवर बाई म्हणाल्या, तुमच्या समाजावर आमचा कायमच भरवसा आहे! आणि हात सोडून पुढच्या माणसाकडे गेल्या. भरवसा आहे, मग ऐकायचं कशाला? केयाला काही बोलले नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

कुठून दुर्बुद्धी सुचली मला!

केया आज आमच्याच भागात फिरत होती. शेजारच्या मंजुषाकडे गेली. मंजुषानं हसत हसत टपालात आलेलं एक चकचकीत पत्रक तिच्यापुढे धरलं: "अगं, तुझी आई इकडे, आणि तू तिकडे कशी?" पत्रकावर मी. हातात निरांजन, समोर वेस, कपाळी माझ्या हातचं कुंकू. वर मोठ्या अक्षरांत, शेजाऱ्यांचा विश्वास, वेस! भागातल्या घराघरात गेलंय म्हणे.

केया तशीच तडक घरी आली. "दॅट्स युअर फेस, आई! हाउ कुड यू?"

"अगं, पाहुणा होता. गणपतीला आला होता."

"ही'ज नॉट अ पाहुणा! ही'ज अ कँडिडेट!"

मी तिला सांगलीचं सांगायला लागले, तेवढ्यात श्रीरंग मध्ये पडला, "फोटो चांगला आलाय की." झालं. केयानं बापाकडे पाहिलं, त्यानं अंगणात रोवलेल्या वेसच्या प्रचाराच्या पाटीकडे पाहिलं. "ती साइन आहे तोपर्यंत मी या घरात येणार नाही." श्रीरंगही हट्टाला पेटला. पाटी हलणार नाही म्हणे. पुरणाच्या पोळ्या तशाच राहिल्या.

१३ ऑक्टोबर

केया फोन उचलत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

वेसच्या ऑफिसात फोन करून चांगली भांडले. न विचारता माझा चेहरा छापलात कसा? इंग्रजी रागात बरं येतं मला.

संध्याकाळी तो स्वतः आला. एकटा. श्रीरंग अजून कामावरून यायचा होता. माफी मागितली. चूक माझ्या माणसांची नाही, पत्रक मीच पास केलं, म्हणाला. मी म्हटलं, माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. तो म्हणाला, माझा मुलगाही बोलत नाही, याच राजकारणावरून, दोन वर्षं झाली. एवढंच. मत मागितलं नाही. मी चहा केला. भाड्यांचंही विचारलं, त्याला नीट उत्तर देता आलं नाही, पण वाक्य पुरं करू दिलं त्यानं. त्याचे निम्मे विचार मला पटत नाहीत. निम्म्याहून जास्तच. पण माणूस गेल्यावर घर सुनंसुनं वाटलं, हे खरं.

२० ऑक्टोबर, रविवार

डरहॅमला केयाकडे गेले. दार उघडलं तिनं! मी सगळं शांतपणे सांगितलं. सांगली, तबक, आजी. शेवटी हसली. "सो यू आर विथ अस, राइट?"

"मी तुझी आई आहे ग."

तिनं ते हो असं धरलं. मीही धरू दिलं.

२६ ऑक्टोबर

मुदतीआधीचं मतदान सुरू झालंय, ते करून आलो. श्रीरंग आणि मी एकाच गाडीतून गेलो, शेजारशेजारच्या टेबलांपाशी उभे राहिलो. पेन हातात घेऊन किती तरी वेळ थांबले. कुणाला दिलं ते इथेही लिहीत नाही. आईची लेक आहे.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

केया आली नाही. पाटी आहे ना! चकल्या आणि अनारसे घेऊन मीच डरहॅमला गेले. श्रीरंगनं डबा स्वतः भरला, अनारसे जास्त घातले, ते तिला आवडतात. "मी भरला म्हणून सांगू नकोस," म्हणाला. पूजेला आम्ही दोघंच. आरती म्हणताना त्याचा सूर लागेना.

६ नोव्हेंबर, बुधवार

वेस जिंकला. अगदी थोडक्यात.

संध्याकाळी केया आली. पाटी ओलांडून आली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी रडली. उद्या क्लिनिकमध्ये पेशंट्सना काय सांगू, म्हणाली. आणि मग, "ॲट लीस्ट यू, आई. तू होतीस. बाबांना मी फरगिव्ह नाही करू शकत." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. श्रीरंग तेवढा वेळ गॅरेजमध्ये उगाच खुडबुड करत होता. त्याचा निरोप न घेताच ती गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

भांडी पुसता पुसता श्रीरंग एकदम म्हणाला, "मी मत केयाच्या बाईंना दिलं." माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. "त्या बाईंचं मला काही पटत नाही. पण पोरगी महिनाभर परक्यांच्या दारात उभी राहिली ग. बापाच्याच दारातून तिनं रिकाम्या हातानं जायचं?" मग सांग ना तिला, मी म्हटलं. नाही म्हणाला. उपकार केल्यासारखं होईल. तिचा राग जाईल तेव्हा जाईल.

वेसला या घरातून एकच मत गेलं. माझं. आणि केया बोलत नाहीये ती बापाशी!

उद्या डरहॅमला जाणार. त्याच्या मताचं काही सांगणार नाही. माझं सांगणार.