एक अकाउंट, एक गणपती

रविवार, १ जून २०२५

आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, त्यामुळे खरं लिहायला कोणाच्या बापाची भीती नाही.

शिक्षण सातवी. पण ओटीटी या विषयात अख्ख्या बेलवलीत माझा हात धरणारा कोणी नाही. क्लास लावला नाही, पुस्तक वाचलं नाही. रिमोट घेतला नि बटणं दाबत गेलो. माणूस पोहायला असाच शिकतो.

आज भावकीच्या ग्रुपवर जाहीर केलं. स्ट्रीमबाबाचं अकाउंट माझ्या नावावर, पासवर्ड सर्वांना. जमीन बिल्डरला गेली, वाटे झाले, जो तो आपल्या फ्लॅटात जाऊन बसला. धाकटा भाऊ भगवंत शिरगावला, बहीण अंबरनाथला, चुलतभाऊ सोनिवलीला. चुली वेगळ्या झाल्या, होऊ देत. पडदा एक पाहिजे. आणि गणपती एक पाहिजे. भावकीचा गणपती आजोबांपासून आमच्याकडे. जुनं घर पाडून नवीन बांधलं तेव्हा बाबांनी आधी गणपतीची भिंत आखली, मग घर.

भगवंतचा धर्मेश कुठेतरी बोलला म्हणे, यंदा शिरगावला वेगळा गणपती आणू. पोर आहे. पासवर्ड मिळाला की विसरेल.

वेणू म्हणाली, माणसा देवासाठी येत नाय, ती त्या पासवर्डासाठी येतील? बायकोला टेक्निकल समजत नाही.

रविवार, ८ जून

फोनला उसंत नाही! वाटणीपासून भगवंतने एकदाही फोन केला नव्हता. आज सकाळपासून सारखा. आण्णा, ओटीपी. आण्णा, परत आला बघ ओटीपी. बोलणं तेवढंच, पण आवाजात माया होती. रक्त आहे शेवटी.

बहिणीचाही आला. तिच्या गुडघ्याचं विचारणार, तेवढ्यात कट. अंबरनाथला रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

रविवार, १५ जून

स्ट्रीमबाबावर 'मराठी' असं शोधलं. एक हिंदी पिक्चर निघाला, त्यात मोलकरीण मराठी होती. खाली दुसरा निघाला, त्यात हवालदार मराठी. तिसऱ्यात दोघंही होते.

कंपनीला कडक तक्रार पाठवली. शुद्ध मराठीत. उत्तर इंग्रजीत आलं. भूपेशने (चिरंजीव) वाचून सांगितलं, तुमच्या प्रेमाबद्दल धन्यवाद म्हणतायत. म्हणजे घाबरलेत.

निश्चय: मराठी माणसाने मराठी ॲप घ्यावं. 'मायपडदा' सुरू केलं. ग्रुपवर कळवलं. धर्मेशने लिहिलं, आण्णा, त्यात दोन सिरियली आहेत नि एक गोल फिरणारं चक्र. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. अंबरनाथचासुद्धा. बऱ्याच दिवसांनी भावकी एकत्र हसली.

रविवार, २९ जून

शिरगावच्या टीव्हीवर पाटी आली: हा टीव्ही तुमच्या घरातला नाही. सोनिवलीलाही तीच. स्ट्रीमबाबाचा नवा नियम, एक अकाउंट, एक घर.

लगेच कस्टमर केअर. पोरगी गोड होती. विचारते, सर, सब लोग एक ही छत के नीचे रहते हैं क्या? मी म्हटलं, बाई, छत सोड, आमचं सुतक एक आहे. शिरगावला माणूस गेला की बेलवलीत गोड शिजत नाही. याला घर म्हणतात. ती म्हणाली, सर, सुतक कौनसा प्लान है, मंथली या इयरली?

वरच्या साहेबांना विचारते म्हणाली. गाणं लावून गेली. ऐकत बसलो. गाणं हिंदीच.

रविवार, ६ जुलै

धर्मेशने घात केला. 'गपागप' नावाचं ॲप आहे, मोबाइलच्या रिचार्जवर फुकट. ते सगळ्या भावंडांना लावून दिलं. सोनिवलीत घरोघरी जाऊन. आता मला ओटीपीचा फोन नाही.

माझा अभ्यास सांगतो, गपागप दिवाळी बघत नाही. फुकटचा घोडा नि दातच मोडके.

आज एकदम डोक्यात उजेड पडला. कंपनी म्हणते, एका घरात बसून बघा. बरोबरच आहे! सगळ्यांना माझ्या घरी आणायचं. मोठ्ठा टीव्ही घ्यायचा. दर रविवारी भावकी इथे. मग गणपतीला वेगळं बोलवायची गरजच काय, पायाला सवयच लागेल. स्ट्रीमबाबाने नकळत आपलंच काम केलं.

रविवार, १३ जुलै

भूपेशला घेऊन उल्हासनगर. शेठ म्हणाला, साईं, ये टीवी नहीं है, थेटर है, मोहल्ला बिठाओ. मी म्हटलं, मोहल्ला नको, भावकी बसवायची आहे. तो म्हणाला, फिर तो और बडा लो.

और बडा घेतला.

दुपारी माणसं लावायला आली. हॉलमध्ये एकाच भिंतीवर मावतो. मधल्या. गणपतीच्या.

वेणू दारात उभी राहून म्हणाली, तुमचा डोका फिरलाय का? मी समजावलं. बाप्पाला यंदा फ्रिजच्या बाजूचा कोपरा. थंडही राहील. बाप्पा समजूतदार आहे, आणि हे सगळं चाललंय कोणासाठी? त्याच्यासाठीच. तिने पदराने भिंत पुसली आणि आत गेली. माणसांनी भिंतीला भोकं पाडली. काम एकदम पक्कं. लोखंडी फ्रेम. शेठचा माणूस म्हणाला, बाबा, अब घर गिरेगा, टीवी नहीं गिरेगा.

रविवार, २० जुलै

पहिला रविवार. वेणूने मटण, भाकऱ्या. सर्वांना बोलावलं होतं. भगवंत आणि धर्मेश आले. बाकीच्यांना कामं असतात.

मायपडदा लावलं. चक्र आलं. जेवण होईपर्यंत चक्रच. धर्मेश म्हणाला, आण्णा, हिरो चांगला आहे, पण एकच स्टेप करतो. मुलगा विनोदी आहे.

भगवंत भिंतीकडेच बघत होता. म्हणाला, बाप्पाला कुठं बसवनार? मी कोपरा दाखवला. तो काही बोलला नाही. पिक्चर क्वालिटीने माणूस गप्पच होतो.

धर्मेशने जाताना भिंतीचे फोटो काढले. पुढून, बाजूने, आणि एक फ्रिजसकट. त्यालाही असाच टीव्ही घ्यायचा असेल. मॉडेल नंबर विचारला नाही, तरी मी सांगितला.

गुरुवार, २४ जुलै

आज गटारी. शिरगावला धर्मेशच्या गच्चीवर जंगी बेत. भूपेश गेला. मला निरोप नव्हता. माझं बीपी माहीत आहे त्यांना. काळजी घेतात.

भूपेश आल्यावर विचारलं, कोणी माझं नाव काढलं का? म्हणाला, हो, काढलं. बास. जिव्हाळा असला की माणूस हजर नसला तरी आठवण निघते.

रविवार, ३ ऑगस्ट

विजय! विजय!

मागच्या आठवड्यात कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि आणखी तीन ॲपं वर्षभरासाठी लागली. भूपेश आणि सूनबाईंचं आत काहीतरी बोलणं झालं. मग स्वप्नाली आली, गोड बोलली, आण्णा, द्या रिमोट, अपडेट करते. केलं. आणि काय सांगू, स्ट्रीमबाबा पार बदलला! मोठ्ठी अक्षरं. चकचकीत रंग. शिवीगाळ नाही, उघडंनागडं नाही, खून नाहीत. आणि सगळं मराठीत. एक हत्ती आहे, असं मराठी बोलतो की आमच्या गुरुजींनी पाया पडावं. मित्र ससा आहे. दोघं मिळून पूल बांधतात. शेजाऱ्यांशी भांडण नाही.

पंधरा जूनच्या तक्रारीचं हे फळ. उशिरा का होईना.

नात जिज्ञासा म्हणाली, आजोबा, हे तर माझंवालं आहे. मी म्हटलं, बाळा, कला सगळ्यांची असते.

पुढच्या भागात काय होतं याची उत्सुकता आहे. पुलावर माकड येणार असं दिसतं.

रविवार, १० ऑगस्ट

मायपडदा स्ट्रीमबाबाने विकत घेतलं. लोक ग्रुपवर रडतात. मी खूश. मराठी आता मोठ्या घरात गेली! अटकेपार झेंडे असेच लागले. भूपेशच्या मोबाइलवर जाऊन बघितलं. मराठीची ओळ आहे, सगळ्यांत खाली, परदेशी स्वयंपाक आणि कुस्तीच्याही खाली. पाया हा खालीच असतो.

भावकीचा ग्रुप मात्र थंड. दिवसेंदिवस मेसेज नाही. मी रोज सुविचार टाकतो, त्यावर मीच अंगठा देतो. स्वप्नालीचा फोन मात्र सारखा टिंग टिंग. विचारलं तर म्हणाली, दुसरा ग्रुप आहे, 'आमचा बाप्पा, शिरगाव'. मी म्हटलं, मला घ्या की त्यात. तिने खाली बघितलं. म्हणाली, आण्णा, ग्रुप फुल आहे.

या मोबाइल कंपन्यांनी मर्यादा वाढवायला हवी. तक्रार लिहिणार आहे.

रविवार, १७ ऑगस्ट

भगवंत आला. एकटा. वेणूने चहा दिला, तो प्यायला नाही.

सरळ बोलला. आण्णा, यंदा भावकीचा बाप्पा शिरगावला. सगळ्यांचा ठरलाय. बाबांनी ती भिंत देवाला दिलेली, तू ती टीव्हीला दिलीस.

मी म्हटलं, आत्ता काढतो टीव्ही. लगेच. भूपेशला हाक मारली. स्क्रू हलेनात. मी स्टुलावर चढलो. भूपेश म्हणाला, आण्णा, उतरा, पडाल. उल्हासनगरला फोन लावला, शेठ म्हणाला, बाबा, फ्रेम निकालेंगे तो दीवार साथ में आयेगी. मी म्हटलं, येऊ दे. भगवंत म्हणाला, ऱ्हाऊ दे, आण्णा. मूर्ती बुक झाली.

मग म्हणाला, तू ये ना दर्शनाला.

दर्शनाला. मला.

बोलता आलं असतं. लहानपणी गणपतीत त्याला खांद्यावर घेऊन मीच नेत असे, त्याला मूर्ती दिसायची नाही म्हणून. हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विरघळला असता नि ठरलेलं मोडलं असतं. उगाच कशाला. त्याला त्याची चूक कळू दे. आपण आपला गणपती आणायचाच. सगळे येतील. सवय आहे पायांना.

मंगळवार, २६ ऑगस्ट

तयारी फक्कड. कोपऱ्यात मखर. फ्रिजला जरीचा पडदा लावला, ओळखू येत नाही. मधेच घरघरतो तेवढंच.

वेणूला सांगितलं, नैवेद्य भावकीच्या मानाने कर. ती म्हणाली, अहो, कोण येनार हाय? मी म्हटलं, तू नारळ खव.

सर्वांना फोन केले. कोणी नाही म्हटलं नाही. बहीण म्हणाली, बघते. चुलतभाऊ म्हणाला, बघू. आपल्यात 'बघू' म्हणजे होच.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी बाप्पा आले. प्रतिष्ठापना झाली. गुरुजींनी विचारलं, मंडळी कुठे? म्हटलं, वाटेत आहेत.

भूपेश, स्वप्नाली, जिज्ञासा नवीन कपडे घालून गाडी घेऊन निघाले. सगळ्यांना आणायला जात असणार. टाळही घेऊन गेले.

तोच दिवस, दुपारी

भगवंतच्या बायकोचा वेणूला फोन. मोदक फुटतायत. वेणू म्हणाली, तासाभरात येते. इथले मोदकही डब्यात भरून नेले. म्हणाली, हिथं खानार कोन? तुमच्या पानातले काढून ठेवलेत.

मलाही जाऊन आणता आलं असतं सगळ्यांना. पण घरात बाप्पा असताना घर उघडं टाकत नाहीत, त्याला एकटं सोडत नाहीत. कोणीतरी लागतं.

संध्याकाळी

भूपेशचा मेसेज. आण्णा, आरती लाइव्ह आहे, लिंक पाठवली, टीव्हीवर लावा. बघा, तुमच्यासाठी केलंय.

लावलं. पहिल्या झटक्यात लागलं. चक्र नाही, काही नाही. सोनिवली होती. अंबरनाथ होतं, गुडघे ठीक दिसले. पोरंटोरं. वेणू पुढे, डोक्यावर पदर. ताट भगवंतच्या हातात. जिज्ञासा त्याच्या खांद्यावर. मूर्ती मोठी आहे. मधल्या भिंतीला.

एवढ्या मोठ्या पडद्यावर सगळे जवळजवळ खऱ्याएवढे दिसतात. टीव्ही घेतला ते बरंच झालं.

मीही उठून उभा राहिलो. आपल्या बाप्पाची आरती त्यांच्याबरोबरच उरकली. टाळ्या मागेपुढे होत होत्या. ते पुढच्या कडव्यावर गेले की माझं आधीचं संपे. नेटमुळे होतं तसं.

खाली कोपऱ्यात आकडा येतो, आत्ता किती जण बघतायत याचा. आरती संपेपर्यंत एकच होता. १.

पहिला मान आपलाच.